दोन लेफ्ट

ग्रिम्स्बीच्या वाचनालयाखालच्या खोलीत
मंगळवारी सहाला वर्ग भरतो.
मी खुर्च्या मांडते, किटली लावते,
हीटर सुरू करते. तो मनात आलं तर तापतो.

डोरीन हॅक्सबी, वय बहात्तर,
चाळीस वर्षं माशांच्या लिलावाचे हिशेब लिहिलेली बाई,
फळ्यावर दोन रांगा काढते :
हॉट, समोर कोल्ड.
वेट, समोर ड्राय.
इकडे जमा, तिकडे खर्च,
आणि बाई खूश, की मेळ बसला.

येमानेने हात वर केला.
तो मासे गोठवण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करतो,
किती साबण लावला तरी बोटांचा वास जात नाही.
'मॅडम, ऑन आणि ऑफ उलटे ना?
दिवा ऑफ, म्हणजे बंद.
मग गुरुवारी फोरमन ओरडला, अलार्म वेंट ऑफ!
भोंगा तर कानात वाजत होता,
पण म्हटलं, इंग्रजी त्याची,
तोच बरोबर असेल.
मी मासे कापत राहिलो.
अख्खा कारखाना बाहेर थंडीत उभा
आणि आत मी, आणि हॅडॉक.'

हालिना हसली, मग सगळेच. येमानेही.
डोरीनने बाहीने फळा पुसला.
'हे मी तुमच्यापासून लपवणार होते
निदान नाताळपर्यंत.
काही शब्दांना समोर कोणी लागत नाही,
त्यांचा वैरी त्यांच्याच पोटात असतो.'

डस्ट. कपाटावरची धूळ झटकली तरी डस्ट,
केकवर साखर भुरभुरली तरी डस्ट.
(हालिना चार घरांची सफाई करते.
तिने मालकिणीच्या पियानोवर साखर पाहिली असावी,
तोंड दाबून बसली.)
फास्ट. होडी खुंटाला घट्ट बांधली तरी फास्ट,
दोर तोडून सुसाट निघाली तरी फास्ट.
'माझ्या बापाची होडी,' डोरीन म्हणाली, 'दोन्ही.'
आणि खडू शोधू लागली, जो हातातच होता.

मग लेफ्ट.
लेफ्ट म्हणजे गेला.
लेफ्ट म्हणजे उरला.
करा बघू एकेक वाक्य.

शिलान कोबानीची. ती बोलत नाही फारशी,
पेन्सिलीने लिहिते, खोडायला सोपं म्हणून.
तिने लिहिलं :
मला पाच भाऊ होते. टू लेफ्ट.

डोरीन लाल पेन घेऊन वाकली.
'दोघे गेले, की दोघे उरले?
यातून कळत नाही, पोरी. एखादा शब्द घाल.'

शिलानने वाक्याकडे पाहिलं.
बोटांवर मोजलं, अंगठ्यापासून,
मग पुन्हा, करंगळीपासून.
'जे दोघे गेले,' ती म्हणाली, 'जर्मनीला,
तेच दोघे उरले.
घरी थांबले ते तिघे...
कुठला शब्द घालू?'

हीटर खडखडून गप्प झाला.
येमाने आपले नखं बघत होता.
डोरीनने तिच्या वाक्यापुढे
बरोबरची खूण केली
आणि पेनाला टोपण लावलं.

आठ वाजता मी कप विसळले.
बिस्किटं तीन उरली होती,
ती येमानेच्या खिशात घातली, रात्रपाळीसाठी.
दाराचा बोल्ट सरकवत डोरीन पुटपुटली,
'हाही त्यातलाच बघ.
दार पक्कं करतो तो बोल्ट,
आणि घोडा उधळला तरी बोल्टच.'

पायरीवर मी सवयीने म्हणाले, 'येते.'
'म्हणजे काय?'
सांगितलं.
'अगं, पण तू तर चाललीस.'
'हो.'

बंदराकडून खारा वारा येत होता.
तिने हातमोजा दातांनी ओढून काढला,
पर्समधली वही दिव्याखाली धरली
आणि विचारलं, स्पेलिंग?